‘माही कंबर खोटी हाय काय?’

(अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर अकोला येथे केलेले भाषण)



आपल्या बैठकांमध्ये मारहाणीवर बोलणं होतं, दारूवर होतं, सातबाऱ्यावर नाव लावण्यावर होतं. बैठक संपते, सतरंजी गुंडाळायला घेतो, आणि मग एखादी बाई हळूच जवळ येऊन म्हणते, ‘ताई, कंबर लई दुखते.’ हा विषय नेहमी सतरंजी गुंडाळतानाच निघतो. आज तो सतरंजी अंथरल्याबरोबर घेऊ.

दर्यापूर तालुक्यातल्या एका बाईची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आसपास. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा. मजुरी किलोवर, म्हणून पाठ सरळ करायलाही सवड नाही. घरी आलं की पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या. सात वर्षं कंबर दुखत होती. एका खाजगी डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी खराब झाली आहे, काढून टाका. कानातलं मोडून तिनं ऑपरेशन केलं. तीन महिने बरं वाटलं. चौथ्या महिन्यात पुन्हा तेच दुखणं. फोटो काढला, सोनोग्राफी केली, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणायला लागले, कामाचा कंटाळा आहे, नाटकं करते. ती मला म्हणाली, ‘रिपोर्टात काई निंगालं नाई ताई, मंग माही कंबर खोटी हाय काय?’

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात ते शिकवलं नव्हतं. त्यानंतर मी जे वाचलं, डॉक्टर मैत्रिणींकडून समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या विदर्भातली एक गोष्ट आधी आठवू. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे बाईच्या दुखण्याला कारण असतं, पण ते कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून पहिली गोष्ट तपासणी. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटातला जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं, यांवर औषधं आहेत.

दुसरी गोष्ट बीडची. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची ओरड झाल्यावर २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात सतरा! आपल्याकडे ऊस नाही, कापूस आहे, सोयाबीन आहे. पण ‘दुखतं तर काढून टाका’ हा सल्ला आपल्या बायकांनाही मिळतोच.

आता मुद्दा असा, की पिशवी काढल्यावरही कंबर का दुखते? आणि रिपोर्टमध्ये काही नसताना का दुखते?

आपल्याला वाटतं, जिथे दुखतं तिथेच बिघाड, आणि जेवढा बिघाड तेवढं दुखणं. शास्त्र आता तसं म्हणत नाही. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं, की दुखऱ्या जागेकडून निघालेला निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक दार लागतं. ते दार कमी-जास्त उघडतं. पोराला लागलं की आपण चोळतो, त्याला बरं वाटतं. चोळण्याच्या स्पर्शानं ते दार थोडं लोटलं जातं. भीती, काळजी आणि जागरण यांनी ते सताड उघडतं.

पुढे १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त हळव्या होतात. मग साध्या स्पर्शालाही त्या दुखण्याचा निरोप पाठवतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसंच हे. इजा भरून येते, पण नसा आणि मेंदू दुखणं शिकून बसलेले असतात. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ते स्वतःच एक आजार म्हणून नोंदलं आहे.

उलटंही खरं आहे. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून बाई खाटेला खिळते. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे मणक्याचे फोटो एकत्र पाहिले गेले, तेव्हा पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. हा आढावा २०१५ सालचा. केस पिकतात, तशा गाद्या झिजतात.

तेव्हा त्या बाईला उत्तर असं आहे: बाई, तुझी कंबर खोटी नाही. फोटोत हाड दिसतं, हळवी झालेली नस दिसत नाही. आणि ऑपरेशननंतर तीन महिने बरं का वाटलं? माझ्या मते, त्या तीन महिन्यांत तुला कुणी हंडा उचलू दिला नाही म्हणून.

इथे एक धोका आहे. ‘मेंदूत आहे’ म्हटलं की घरचे ‘मनाचे खेळ’ असं ऐकतात. तसा अर्थ होऊ देऊ नका. मेंदूत तर सगळ्यांचंच दुखणं असतं, पुरुषांचंही. शास्त्रालाही बाईचा विसर पडलेलाच होता. वर्षानुवर्षं दुखण्यावरचे प्रयोग बहुतेक नर उंदरांवर झाले. २०१५ साली कॅनडातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटानं दाखवलं, की दुखणं टिकवून धरण्यात नरांमध्ये ज्या पेशींचा हात असतो, त्यांच्याविना माद्यांचं दुखणं टिकतं. बहुधा त्यांच्यात दुसऱ्याच पेशी ते काम करतात.

उपचारांचं काय? जुनाट दुखण्यावर एकच एक गोळी नाही. हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, पुरेशी झोप, आणि दुखणं म्हणजे दर वेळी इजा नव्हे हे समजणं, यांचा उपयोग होतो. अमेरिकेत कंबरदुखीच्या १५१ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दुखण्याकडे बघण्याची मेंदूची सवय बदलण्यासाठी त्यातल्या काहींशी चार आठवडे बोलणं झालं. त्या गटातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. आशा वाटते. पण किलोवर कापूस वेचणारी बाई त्या अभ्यासात नव्हती. जिला उद्याही वाकायचंच आहे, नवऱ्याच्या पावलांच्या आवाजानं जिचं अंग आखडतं, तिच्या मेंदूला ‘आता धोका नाही’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? धोका तर आहेच. म्हणून मारहाण थांबवणं, मजुरी वाढवणं, घरात नळ येणं, हेही दुखण्यावरचे उपचार आहेत. आपण इतकी वर्षं ते करतच आलो, फक्त त्याला उपचार म्हणत नव्हतो.

गावात काय करायचं, ते थोडक्यात सांगते.

पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर लगेच हो म्हणायचं नाही. काय आजार आहे, औषधानं बरा होईल का, अंडकोश ठेवणार की काढणार, हे विचारायचं आणि सरकारी स्त्री रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं. अंडकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. अनावश्यक ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्रानं २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तीन महिन्यांत लागू करा असं राज्यांना बजावलं. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती सांगितली आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ती बसते का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी विचारू या.

दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊ नका. त्यांनी मूत्रपिंडाला इजा होते. खारपाणपट्ट्यातल्या बायांनी तर जास्तच जपावं. डॉक्टरांनी नसांसाठी दिलेली गोळी मात्र ‘वेड्याची गोळी’ म्हणून कुणी सांगितलं तरी फेकू नका. तीच औषधं कमी मात्रेत दुखण्यावर देतात.

पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, ताप आला, वजन उतरलं, पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेवटचं सांगते. त्या बाईच्या जावेलाही त्याच डॉक्टरांनी तोच सल्ला दिला होता. या वेळी दोघी मिळून सरकारी दवाखान्यात गेल्या. जावेला जंतुसंसर्ग निघाला, औषधानं बरा झाला. कंबर अजून थोडी दुखते, ती व्यायाम करते. पिशवी शाबूत आहे. मोठीची गेली ती गेली. पण जावेला घेऊन तीच गेली होती.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या गावातल्या अशा बायकांची नोंद आणावी: किती दिवसांपासून दुखतं, काय काम करते, झोप किती, कुणी काय सल्ला दिला. आणि एखादी म्हणाली, ‘दुखते,’ तर रिपोर्ट मागायच्या आधी तिला बसायला सांगावं आणि ऐकून घ्यावं.