पंखामागचा पंख

जबलपूरच्या परिसरात काळा शराटी हा पक्षी अपरिचित नाही. कोयत्यासारखी वाकलेली चोच, माथ्यावर तांबडा डाग आणि खांद्यावर पांढरा. दिवस कलला, की हे पक्षी मुक्कामाच्या झाडांकडे परततात. आणि गोहलपूरसारख्या दाट वस्तीच्या छपरांवरून त्यांचा थवा जात असला, तर तो पुष्कळदा बाणाच्या अग्राचा आकार धरून जातो. ही रचना केवळ शोभेची नव्हे. तिच्यामागे हवेचा एक काटेकोर हिशेब आहे.

पंख हवेला खाली लोटतो, म्हणून पक्षी वर राहतो. परंतु पंखाखालची दाबलेली हवा टोकाला वळसा घालून वर निसटते आणि टोकामागे एक भोवरा लांबत जातो. पक्ष्याच्या थेट मागे हवा खाली उतरते; टोकाच्या बाहेर मात्र ती वर चढते. मागच्याने आपला पंख या चढत्या हवेत ठेवला, तर पुढच्याची वाया जाणारी शक्ती त्याच्या उपयोगी पडते. जर्मनीतील वीझेल्सबर्गर यांनी १९१४ साली हे गणित मांडले. २५ पक्ष्यांच्या थव्याचा पल्ला एकट्या पक्ष्याहून सुमारे ७१ टक्क्यांनी वाढू शकेल, असे लिसामन व शोलेनबर्गर यांनी १९७० साली दाखविले.

या गणितात पंख विमानाच्या पंखासारखा स्थिर धरला होता. पक्ष्याचा पंख तर सतत खालीवर होतो. त्यामुळे चढत्या हवेची वाटही सरळ न राहता लाटेसारखी होते. मग केवळ जागा साधून काय उपयोग? वेळही साधावयास हवी.

याचे उत्तर शराटीच्याच एका आप्ताने दिले. बोडक्या डोक्याचा हा शराटी मध्य युरोपातून सतराव्या शतकात नाहीसा झाला होता. त्याला तेथे पुन्हा वसविण्यासाठी माणसांनी वाढविलेल्या पिलांना हलक्या विमानामागून ऑस्ट्रियातून इटलीकडे नेण्यात आले. शिकवावयास कोणी वडीलधारा शराटी सोबत नव्हता. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील स्टीव्हन पोर्तुगाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४ पक्ष्यांच्या पाठीवर नोंदयंत्रे बांधली. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तिरकस मागे उडणारा पक्षी आपल्या पंखाचे टोक पुढच्याच्या टोकाने आखलेल्या वाटेवरूनच नेतो. तोच पक्षी थेट मागे आला, की पंखांचा ताल उलट करतो आणि उतरत्या हवेचा जाच कमी करून घेतो.

एक प्रश्न उरतोच. सर्वांत पुढच्याला या व्यवस्थेत फारसे काही मिळत नाही. आणि दूरच्या स्थलांतरात थकवा जिवावर बेततो. मग पुढे राहावे कोणी? त्याच थव्याच्या नोंदींवरून २०१५ साली याचाही उलगडा झाला. पक्षी वरचेवर जागा बदलत होते. जो जितका वेळ दुसऱ्याच्या मागे राही, तो जवळजवळ तितकाच वेळ पुढे होऊन भार वाही. फुकटचा लाभ घेणारा त्यांत आढळला नाही.

म्हणून मावळतीच्या आकाशात अशी रांग दिसली, तर पुढे कोण आहे एवढेच पाहू नये. पुढचा मागे केव्हा येतो आणि त्याची जागा कोण घेतो, तेही पाहावे. थव्याचे बळ त्या अदलाबदलीत आहे.