देवगिरीचा कोट आणि देहाचा कोट



संरक्षणव्यवस्था म्हणजे काय, हे संभाजीनगरच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. शहराजवळच देवगिरीचा दुर्ग उभा आहे. एकामागून एक तट, कातळात खोदलेला खंदक आणि शिरलेल्या शत्रूची वाट चुकविणारी अंधारी. मानवी देहाचे संरक्षणही असेच टप्प्याटप्प्याने रचलेले आहे.

त्वचा हा पहिला तट. अश्रू आणि लाळ यांत जंतुनाशक द्रव्ये असतात, तर जठरातील आम्ल खंदकाचे काम करते. हे सारे ओलांडून जंतू आत शिरलाच, तर काही तासांतच पांढऱ्या पेशी तेथे जमतात आणि त्याला गिळू लागतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी या चकमकीत कामी आलेल्या पेशीच होत.

दुसरी फळी सावकाश, पण नेमकेपणाने लढते. काही पेशी जंतूचा अंश घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच हालचालीचे लक्षण. तेथे ‘टी’ आणि ‘बी’ पेशींच्या अफाट समुदायातून त्या जंतूला ओळखणाऱ्या मोजक्या पेशी निवडल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि प्रतिपिंडे तयार होतात. या तयारीला आठवडा-दोन आठवडे लागतात. अनोळखी रोग याच अवधीत घात करतो.

इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामदेवरायांचे मोठे सैन्य राजधानीपासून दूर होते. कोट मजबूत होता, पण सिद्धतेला अवधी मिळाला नाही. धान्याच्या समजून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले, असेही सांगतात. देहाचा न्याय तोच आहे. कुपोषित बालकाचे कोठार रिकामे असते, म्हणून साधा संसर्गही त्याला भारी पडतो.

देहाजवळ मात्र एक विलक्षण सामर्थ्य आहे, ते म्हणजे स्मृती. एकदा परतविलेल्या जंतूची ओळख स्मृतिपेशी वर्षानुवर्षे जपतात. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फॅरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे आठ हजार रहिवाशांपैकी सहा हजार आजारी पडले. १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध मात्र ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले, अशी नोंद डॅनिश वैद्य पानुम यांनी केली. लस हीच स्मृती देते, तीही रोगाची किंमत न घेता.

गोवर हा या स्मृतीवरच घाला घालतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त तपासले गेले. इतर रोगांविरुद्ध त्यांनी मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे गोवरानंतर नाहीशी झालेली आढळली. अंगावरचे पुरळ जाते, मूल खेळू लागते. परंतु जुन्या शत्रूंची ओळख पुसली गेल्याने पुढे कित्येक महिने न्यूमोनिया आणि अतिसाराचा धोका राहतो. ‘गोवर काय, सर्वांनाच होतो’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच घातक आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव येथे गोवर उसळला व बालके दगावली. कोरोनाकाळात अनेक मुलांच्या लशी राहून गेल्या होत्या. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत द्यावयाची असते. नऊ महिन्यांखालील बाळाला नियमित वेळापत्रकात ही लस नसते. त्याचा तट म्हणजे भोवतालची लस घेतलेली मुले. हा तट अभेद्य राहण्यासाठी शंभरांतील किमान पंच्याण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात.

आपल्या वस्तीत, ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबात, बांधकामावरच्या मजुरांच्या झोपडीत एखाद्या मुलाची दुसरी मात्रा राहिली असेल. त्या घरी जावे, लसीकरणाचे कार्ड पाहावे आणि आईला सोबत घेऊन आरोग्य केंद्र गाठावे. कोटातील एक खिंडार बुजविण्याचे हे काम आहे आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.