बाळ थांबतं तेव्हा



पत्रिकेत विषय छापलाय ‘बाळाचं चोखणं आणि गिळणं’. मला बोलायचंय ते या दोन्हींच्या मधल्या थांबण्यावर. नवजात विभागात ३१ वर्षं परिचारिका होते. बाळ थांबलं की मोठी माणसं घाबरतात आणि घाई करतात, हे मी रोज पाहिलं.

गर्भ पोटातच गिळायला लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला सुरुवात होते आणि दिवस भरत येईतो तो रोज अर्धा लिटरच्या आसपास गर्भजल गिळतो. पण तिथं प्राणवायू नाळेतून येतो, गिळताना दम कोंडायची भीती नाही. जन्मल्यावर घसा एक आणि वाटसरू दोन, दूध आणि हवा. तान्हं बाळ एकाच वेळी गिळतं आणि श्वासही घेतं, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतोच. चोखणं, गिळणं, श्वास हा मेळ गर्भारपणाच्या ३४ आठवड्यांच्या आसपास जमायला लागतो, पक्का व्हायला आणखी दिवस जातात.

इथं एक आठवण सांगते, दोन मिनिटांत.

नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रपाळी. ३२ आठवड्यांची मुलगी, वजन १,४०० ग्रॅम. नाकातल्या नळीवरून नुकतीच बोंडल्यावर, म्हणजे दूध पाजायच्या चोचीच्या वाटीवर, आलेली. माझ्याकडे आणखी दहा बाळं. तिनं तीन घोट घेतले आणि थांबली. मला वाटलं, पेंगली. मी बोंडलं कलतं केलं. आधी तिच्या भुवया वर गेल्या. मग हाताची बोटं पंख्यासारखी फाकली. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. या तिन्ही खुणा ती मला दाखवत होती, मला एकही वाचता आली नाही. चौथी खूण म्हणजे निळे पडलेले ओठ. मोठ्या सिस्टर धावत आल्या, तिला कुशीवर घेतलं, तोंडातलं दूध काढलं, पाठ चोळली. रंग परतला तेव्हा म्हणाल्या, “पोरी, ती दमली नव्हती, श्वास घेत होती. तू मधे बोललीस.”

दुसऱ्या दिवसापासून तिची आई तिला उघड्या छातीशी धरून बसायची. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. मी बाजूला बसून मोजायची. तीन चोख, थांबा. चार, थांबा. दहाव्या दिवशी एका दमात बारा! आईनं माझा हात असा दाबला की अजून आठवतो.

(अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली. दोन मिनिटांची आठवण बरीच लांबली.)

एका आजींचीही चिठ्ठी आहे : ‘आमची चारही मुलं बोंडल्यावर वाढली, मग?’ आजी, मी बोंडल्याच्या विरोधात मुळीच नाही. अशक्त बाळासाठी ते बाटलीपेक्षा कितीतरी बरं, धुवायलाही सोपं. माझा आक्षेप ओतणाऱ्या हाताला आहे. बाळ मांडीवर उभट धरा, चोच खालच्या ओठाला टेकवा, दूध काठाशी आणा. घेऊ दे त्याला. आईच्या अंगावर पिणारं बाळही थांबतं, तेव्हा आया त्याला हलकेच हलवतात. केनेथ केय या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हेच बारकाईनं पाहिलं. बाळ पुन्हा चोखू लागतं ते हलवणं थांबल्यावर!

मागून एक बाबा विचारतायत, रात्री एवढा वेळ कुणाला? तुम्हाला, बाबा. ढेकर काढायला उठा. (हशा)

घंटा झाली. टेबलावर बोंडली आणि पाणी ठेवलंय. जाताना जोडीजोडीनं पुढं या. पिणाऱ्यानं डोळे मिटायचे, पाजणाऱ्यानं कधी ओतणार ते सांगायचं नाही.