बर्कलीचा धक्का पुन्हा बांधताना



शताब्दीच्या कार्यक्रमात शाळेच्या बाईंनी काय बोलायचं हे ठरलेलं असतं: मातृभाषा, संस्कार, पुढची पिढी. त्या विषयांवर आज बरंच बोलून झालं आहे आणि चांगलं बोलून झालं आहे. तेव्हा आम्ही रविवारच्या मराठी शाळेच्या शिक्षिका एका वेगळ्याच गोष्टीकडे वळतो. बर्कलीला युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू जिथे संपतो, तिथून पाण्यात सरळ गेलेला एक सार्वजनिक धक्का आहे. २०१५ च्या जुलैपासून तो कुंपण घालून बंद आहे. तो पुन्हा बांधायचा असं शहराच्या मनात आहे. तो कसा बांधावा याबद्दल आपल्या लोकांना काही म्हणायचं आहे का, हे विचारायला आम्ही उभ्या आहोत.

इंग्रजीत त्याला पिअर म्हणतात. वर्गात आम्ही ‘धक्का’ हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मुलं हसली. एकानं विचारलं, “कुणी कुणाला दिला?” मग भाऊच्या धक्क्याची गोष्ट सांगावी लागली. भाऊ अजिंक्यांच्या नावानं ओळखला जाणारा मुंबईचा तो धक्का, तिथून रेवसला आणि मोऱ्याला जाणाऱ्या लाँच, डोक्यावर करंड्या घेतलेल्या बायका. आमच्यापैकी दोघी कोकणातल्या, डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या. त्यांना तर धक्का म्हटलं की सुक्या मासळीचा वासच येतो. मुलांना वास सांगता येत नाही, पण शब्द मात्र बसला. आता ती बर्कलीच्या पिअरलाही धक्काच म्हणतात.

बर्कलीचा हा धक्का बांधायला घेतला १९२६ साली, गोल्डन गेट फेरी कंपनीनं. मोटारगाड्या फेरीबोटीत चढवून सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीटच्या धक्क्यावर उतरवायच्या, असा तो धंदा होता. अडचण एकच. बर्कलीचा किनारा फार उथळ, सगळा गाळाचा. बोट लागेल इतकं पाणी मिळेपर्यंत पुढे जात राहायचं, तर धक्का साडेतीन मैल लांब झाला. हा आकडा वाचून मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, म्हणून त्यांना शाळेच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर नेलं. साडेतीन मैल म्हणजे चौदा फेऱ्या. सहाव्या फेरीनंतर सगळी गवतावर आडवी झाली. एवढं अंतर पाण्यावर, खांब ठोकत ठोकत माणसं गेली होती, हे तेव्हा कळलं.

१९२७ मध्ये फेरी सुरू झाली आणि १९३७ मध्ये बंदही पडली, कारण १९३६ च्या नोव्हेंबरात बे ब्रिज खुला झाला. दहा वर्षांत एवढा खटाटोप निकामी. पुढे शहरानं किनाऱ्याकडचा सुमारे ३,००० फुटांचा भाग फिरायला आणि मासे धरायला ठेवला. त्याच्या पलीकडे एक अडसर, आणि अडसरापलीकडे उरलेल्या जुन्या धक्क्याचे मोडके खांब, त्यावर बसलेले पाणकावळे. आजूबाजूला मरीना वसला, सुमारे हजार बोटींच्या जागेचा. बोटी ज्यांच्या त्यांच्या. धक्का मात्र कुणाचाही.

हे ‘कुणाचाही’ आम्हाला नीट समजावून सांगायचं आहे. कॅलिफोर्नियात सोळा वर्षांच्या वरच्या माणसाला मासे धरायला परवाना काढावा लागतो. सार्वजनिक धक्क्यावरून गळ टाकायला तो लागत नाही. तिकीट नाही, परवाना नाही, बोट नको. त्यामुळे त्या धक्क्यावर फिलिपिनो, व्हिएतनामी, मेक्सिकन, चिनी, कृष्णवर्णीय अशी सगळी माणसं एकेक बादली घेऊन बसलेली असत. आणि त्यात आपलेही आजी-आजोबा असत. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले, गाडी येत नाही, इंग्रजी बेताचं, सूनबाई कामावर, नातवंडं शाळेत. अशा माणसानं दिवसभर जायचं कुठे? मॉलमध्ये बसलं तर काही विकत घ्यावं असं वाटतं. वाचनालयात मराठी पुस्तक नाही. इथे नुसतं उभं राहिलं तरी चालायचं.

आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे आजोबा हर्णैचे. धक्का बंद होण्याआधीची ही गोष्ट. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हे त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात पाण्याकडे बघून ओळखलं. शेजारी बसणाऱ्या एका व्हिएतनामी गृहस्थांना गळाची गाठ त्यांनी हातानं शिकवली आणि त्यांच्याकडून दुसरी शिकून घेतली. दोघांत एकही समाईक शब्द नव्हता. पट्टेरी बास लागला की आजोबा तो त्यांनाच देऊन टाकत, कारण घरी सूनबाईंनी तिथल्या फलकावरची सूचना वाचून ठेवली होती: खाडीतल्या माशांत पारा आणि इतर विषारी द्रव्यं सापडतात, लहान मुलांनी आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी काही जातींचे मासे खाऊच नयेत. (पालकांनी हे लक्षात ठेवावं. आता धक्का नसला तरी मासे तेच आहेत.) पुढच्या खेपेला आजोबा आले तेव्हा कुंपण लागलेलं होतं. ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. त्या सहा महिन्यांत ते फारसे घराबाहेर पडले नाहीत.

मग शहरानं धक्का बंद केला ते चुकलं का? आमच्या मते नाही. खाऱ्या पाण्यात बांधकाम कसं म्हातारं होतं ते मुलांनी खिळा मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिलं. काँक्रीटमध्ये मीठ हळूहळू झिरपतं, आतल्या लोखंडी सळईला गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून ढकलतो आणि वरचं काँक्रीट तडकून गळून पडतं. भरती-ओहोटीच्या मधला, कधी ओला कधी कोरडा राहणारा पट्टा सगळ्यात आधी जातो. लाकडी खांबांचा शत्रू वेगळा. लाकूड आतून पोखरणारा टेरेडो नावाचा शिंपल्यांच्या जातीचा प्राणी या खाडीत शिरला आणि १९२० च्या आसपास त्यानं इथले कितीतरी धक्के कोसळवले. बाहेरून खांब धडधाकट, आत चाळणी. त्यात आपलं गाव भूकंपाचं. हेवर्ड भेग बर्कलीतून जाते. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात बे ब्रिजचाच एक तुकडा खाली आला होता, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

आणि धोका नुसता कागदावरचा नसतो. २०२४ च्या २३ डिसेंबरला मोठ्या लाटांनी सांताक्रूझच्या १९१४ सालच्या धक्क्याचं टोक तुटून समुद्रात गेलं. त्याच भागाची दुरुस्ती चालू होती. तीन माणसं पाण्यात पडली, नशिबानं तिघंही वाचली. तेव्हा जुना आहे म्हणून प्रेमानं तसाच वापरत राहू, हे आम्हाला पटत नाही. पण त्याच किनाऱ्यावर थोडं पुढे कॅपिटोला आहे. तिथला धक्का २०२३ च्या जानेवारीतल्या वादळात मधोमध तुटला आणि २०२४ च्या सप्टेंबरात दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला. पावणेदोन वर्षांत. आमचा बर्कलीचा दहा वर्षांहून जास्त काळ नुसता बंद आहे.

कारण पैसा, दुसरं काय. मरीनाचा हिशोब शहर वेगळा ठेवतं. बोटींच्या जागांचं भाडं, हॉटेल आणि रेस्टॉरंटचं भाडं यावर तो चालतो, आणि वर्षानुवर्षं तो तुटीत आहे. धक्क्यावर उभा राहणारा माणूस भाडं देत नाही. तेव्हा दुरुस्तीच्या यादीत तो खालीच राहणार. म्हणून मग एक कल्पना पुढे आली आणि तिचा अभ्यासही झाला: जुन्याच्या जागी नवा धक्का बांधताना त्यालाच सॅन फ्रान्सिस्कोची फेरी लावायची. फेरी म्हटलं की वाहतुकीचा निधी मागता येतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या कामासाठी हा धक्का जन्मला, तेच काम पुन्हा त्याच्या गळ्यात.

आमच्यात यावर दोन मतं पडली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एक मत असं की फेरी आली की पार्किंग आलं, सकाळी घाईत धावणारी माणसं आली, कॉफीचं दुकान आलं, आणि बादली घेऊन बसणाऱ्याला “जरा बाजूला व्हा” आलं. दुसरं मत असं की फेरीशिवाय पैसा येणारच नाही, मग कुंपणाला हात लावून उभं राहा आणखी दहा वर्षं. बऱ्याच चर्चेनंतर आमचं जे ठरलं ते सांगतो. फेरी येऊ द्या. लांबी ३,००० फूट नसली तरी चालेल. पण फिरणाऱ्यांची आणि गळ टाकणाऱ्यांची जागा बोटीच्या रांगेपासून वेगळी हवी, आणि ती कायम खुली, फुकट आणि परवान्याशिवाय राहील हे आराखड्यात लिहून घेतलेलं हवं. कठड्याचा काही भाग खाली हवा, चाकाच्या खुर्चीवरून आणि आठ वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाणी दिसेल असा. बसायला पाठ असलेली बाकं हवीत. वाऱ्याला आडोसा हवा, तिथला दुपारचा वारा कुणाला माहीत नाही? आणि शौचालय टोकापासून अर्ध्या मैलावर नको. हे शेवटचं हास्यास्पद वाटेल त्यांनी सत्तरीच्या माणसाला विचारावं.

असं मागणं मागायला आपण कोण, असा प्रश्न एका पालकांनी केला होता. त्यांना आम्ही बर्कलीच्याच तीन बायकांची गोष्ट सांगितली. १९६१ साली शहर खाडीत भर टाकून आपली जमीन जवळजवळ दुप्पट करायच्या बेतात होतं. के कर, सिल्व्हिया मॅक्लॉफ्लिन आणि एस्थर गुलिक यांनी लोक जमवले, पत्रं पाठवली, सदस्य गोळा केले. त्यांच्या चळवळीतून १९६५ साली खाडीचं रक्षण करणारा राज्याचा आयोग स्थापन झाला. किनाऱ्यावर काहीही बांधायचं तर लोकांना पाण्यापर्यंत जाता येईल अशी वाट जास्तीत जास्त द्यावी लागते, ही त्याची अट. नव्या धक्क्यालाही त्या आयोगाची परवानगी लागणार. म्हणजे विचारायची जागा आहे, आणि तिथे बोलायला कुणालाही मनाई नाही.

बांधकाम सुरू झालं तरी ते सावकाशच होणार, हेही मुलांना सांगून ठेवलं आहे. मऊ गाळातून खाली घट्ट जमीन लागेपर्यंत खांब उतरवायचे. माशांच्या ये-जा करण्याचे महिने टाळून पाण्यातलं काम करायचं. खांब ठोकण्याचा आवाज माशांना मारक ठरतो, म्हणून खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात. ही माहिती मुलांना सगळ्यात आवडली. समुद्राची पातळी चढते आहे, म्हणून नवा धक्का जुन्यापेक्षा उंच लागेल.

धक्क्यावरून समोर गोल्डन गेट दिसतो आणि उजव्या हाताला एंजल बेट. १९१० ते १९४० या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्यांना तिथे उतरवून तपासत, आणि हिंदुस्थानातून आलेल्या कितीतरी जणांना तिथूनच परत पाठवलं. आपल्या आगमनाची शताब्दी साजरी करताना ते बेट मुलांना दाखवायला त्या धक्क्यासारखी जागा नाही. सध्या आम्ही ते कुंपणाशेजारच्या दगडांवरून दाखवतो.

बाहेरच्या टेबलावर मुलांची वही ठेवली आहे. नव्या धक्क्यावर काय हवं हे त्यांनी मराठीत लिहिलं आहे, चित्रंही आहेत. शुद्धलेखन आम्ही मुद्दाम तपासलेलं नाही. शेजारी शहराच्या नगरसभेला पाठवायचं इंग्रजी पत्र आहे. पटलं तर सही करा, न पटलं तर आमच्याशी भांडा. आणि २०१५ पूर्वी त्या धक्क्यावर काढलेला आई-वडिलांचा, सासू-सासऱ्यांचा एखादा फोटो कुणाकडे असेल तर त्याची प्रत आम्हाला द्या, मागे साल आणि नाव लिहून. पत्रासोबत ते फोटो जोडायचे आहेत. आत्तापर्यंत अकरा जमले आहेत.