अंडं पाहून कोंबडा की तलंग, सांगता येतं का?

जळगाव जामोद तालुक्यात बचत गटांचं काम पाहणाऱ्या आम्ही समन्वयक आज अंडी उबवण्याबद्दल बोलणार आहोत.

कोंबड्यांसाठी कर्ज घ्यायचं ठरलं, की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : "बारा अंडी बसवली तर बाराही तलंगाच निघतील, असं काही करता येतं का?" प्रश्न पैशाचा आहे. तलंग मोठी झाली की अंडी देत राहते, कोंबडा एकदाच विकला जातो. म्हणून जिच्यातिच्याकडे एक खूण असते. कोणी म्हणतं, लांबट टोकदार अंडं कोंबड्याचं आणि गोल अंडं मादीचं. कोणी दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरतं. ती गोल फिरली तर मादी, सरळ हलली तर नर. कोणी दिव्यासमोर धरून अंड्यातली हवेची पोकळी मधोमध आहे की कडेला, ते पाहतं.

यातल्या एकाही खुणेवरून नर-मादी कळत नाही. कारण समजून घेऊ.

पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं कोंबडीच्या पोटात असतानाच ठरतं. बलक सुटतो तेव्हा त्यातलं बीज दोनपैकी एका प्रकारचं असतं : एकातून नर, दुसऱ्यातून मादी. कवच त्यानंतर तयार होतं, आणि ते चढायलाच जवळपास २० तास लागतात. अंडं लांबट की गोल, हे त्या कोंबडीच्या शरीराच्या ठेवणीवर असतं. तुमच्याच खुराड्यात पाहा, एक कोंबडी साधारण एकाच घडणीची अंडी देत राहते. तरी तिच्या पिल्लांत कोंबडेही असतात आणि तलंगाही. ऊब कमी-जास्त करूनही फरक पडत नाही. मगरीच्या अंड्यात उबेवरून नर-मादी ठरतं, कोंबडीच्या नाही.

मग अनुभव खरा कसा ठरतो? दहा पिल्लांत कधी सात तलंगा निघतात, कधी तीन. सात निघाल्या की खूण लक्षात राहते, तीन निघाल्या की आपण विसरतो. पुष्कळ अंड्यांचा हिशेब धरला तर निम्मे-निम्मेच येतात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कोंबडीत नर-मादी आईकडच्या बीजावरून ठरतं, माणसात उलट. बाईच्या बीजात एकच प्रकार असतो, पुरुषाच्या बीजात दोन. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या बीजावर ठरतं, आणि तेही त्याच्या हातात नसतं. तरी मुलगी झाली की बोल सुनेलाच. २०११ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे ८५५ मुली होत्या. पोटातल्या बाळाचं लिंग तपासणं आणि सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. अंड्याची चर्चा निघाली, की सासूबाईंनाही हे जरूर ऐकवा.

आता अंड्यांकडे परत येऊ. जर्मनीत यंत्राने अंड्याला बारीक भोक पाडून, आतला थेंब तपासून नर-मादी ओळखतात. कारण अंड्यांसाठीच्या जातींची नर पिल्लं तिथे पहिल्याच दिवशी मारत, आणि २०२२ पासून त्यावर बंदी आली. असं यंत्र मोठ्या उबवणी केंद्रालाच परवडतं. काही संकरित जातींत एक दिवसाच्या पिल्लाचा रंग किंवा पंखाची पिसं पाहून ओळख पटते. गावात टोपलीतून रंग लावून स्वस्तात विकायला येणारी पिल्लं बहुतेक अशीच नको असलेली नर पिल्लं असतात.

आपल्या गावरान पिल्लांत मात्र थांबावं लागतं. सहा ते आठ आठवड्यांत कोंबड्याचा तुरा मोठा आणि लाल दिसू लागतो, पाय जाड होतात. पुढे पाठीवर शेपटीजवळची पिसं टोकदार येतात. तलंगेची तीच पिसं गोलसर राहतात. म्हणून कोणी "ही निव्वळ माद्यांची अंडी" म्हणून जास्त भाव सांगितला तर देऊ नका.

अंड्याच्या आकाराकडे दुसऱ्या कारणासाठी जरूर पाहा. फार लांबट, अगदी गोल, चिरलेलं किंवा पातळ कवचाचं अंडं नीट उबत नाही. मध्यम आकाराची, स्वच्छ अंडी निवडा, पण ती धुऊ नका. सात दिवसांपेक्षा जुनी बसवू नका. तोवर ओल्या वाळूवरच्या मडक्यात कापड अंथरून, निमुळतं टोक खाली करून ठेवा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवाच. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू धरलं आहे, स्वच्छ दिसलं तर अंडं काढून घ्या. २१ व्या दिवशी पिल्लं फुटतात.

आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात अंडी बसवू नका. जानेवारी-फेब्रुवारीत बसवलीत तर दोन फायदे : अंडी चांगली उबतात, आणि कोंबडे आखाडापर्यंत विकायला तयार होतात. तेव्हा गावरान कोंबड्याला मागणी असते. कोंबडा हा तोटा नाही, त्याचा बाजार वेगळा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांतल्या मैत्रिणींनो, तित्तर, लावा किंवा मोराची अंडी आणून कोंबडीखाली ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

शेवटी हिशेब. बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्लं फुटली तर छान समजा. त्यात चार-पाच तलंगा, आणि त्यातलीही एखादी घार, मांजर किंवा मानमोडी नेते. पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्या. कर्जाचा हप्ता बारा तलंगांवर धरला तर पहिल्याच हंगामात थकेल. चार धरा, आणि कोंबड्यांचे पैसे वेगळे लिहा.

गटाच्या वहीत प्रत्येक खुडूक कोंबडीपुढे पाच रकाने आखा : तारीख, किती अंडी बसवली, किती फुटली, दोन महिन्यांनी किती कोंबडे, किती तलंगा. दोन कोंबड्या एकदम खुडूक झाल्या तर एकीखाली थोडी लांबट, दुसरीखाली थोडी गोल अंडी ठेवा. वर्षभर लिहा. मग बैठकीत खुणेवरून वाद झाला तर वही उघडायची.