स्वागताध्यक्षांचे भाषण



कुंडलिकेच्या काठावरील ज्या नगरास वडीलधारी मंडळी कौतुकाने 'जालना सोने का पालना' म्हणत आली, त्या नगराच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. १८०३ च्या असईच्या लढाईचे रणांगण याच जिल्ह्यात, समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात, आणि बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली आरंभिलेल्या बियाणे उद्योगाची कीर्तीही येथूनच देशभर पसरली. परंतु ज्याचे नाव आज आमच्याच मुलांना सांगावे लागते, त्या जमशेदखानाविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाववत नाही. काळी मशीद, सराई आणि हमाम बांधून तो थांबला नाही. मोती तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी त्याने गावातील हौदांत खेळविले, आणि त्यांतला मुख्य हौद ठेविला तो सराईच्या चौकात, वाटसरूंसाठी!

या नळांचा आपल्या विषाणूंच्या विषयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मी शास्त्रज्ञ नव्हे. पण २०१८ पासून येथे भरणाऱ्या रेशीम कोष बाजारात ग्रासरी या रेशीमअळीच्या विषाणुजन्य रोगाने बुडालेल्या शेतकऱ्यांच्या हकिकती ऐकल्या आहेत. जाणकार सांगतात, की अळीच्या पेशीत शिरलेल्या विषाणूस ॲक्टिन या तिच्याच प्रथिनाचे तंतू केंद्रकाकडे पोचवितात, आणि त्याच्या आरंभीच्या जनुकांची नक्कल तिचेच आरएनए पॉलिमरेज उतरविते. वाट घरची, आचारी घरचा, जेवणारा मात्र परका! शास्त्रात या पेशीस 'यजमान' म्हणतात, आणि वाटसरूंस पाणी देणारा जमशेदखानही यजमानच; एवढ्या धाग्यावर मी आपल्यापुढे उभा आहे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात सिंग या संशोधकांनी १९६७ साली डासांच्या पेशी काचपात्रात वाढविल्या, हे ऐकून आहे. आपल्या उतरण्याच्या जागी डासांस तेवढेही साहाय्य लागत नाही, याबद्दल क्षमा असावी.

क्षमा मागण्याजोगे आणखीही पुष्कळ आहे. नळास पाणी बेताचे, काल रात्री वीज दोनदा गेली, भोजनास विलंब झाला, आणि पाहुण्यांच्या यादीतील काही नावे मुद्रकाच्या हातून बिघडली. ज्यांनी मंडप दिला, धान्य दिले, आपली घरे मोकळी केली, ते आडत व्यापारी, बियाणे विक्रेते, लोखंडाचे कारखानदार, शिक्षक आणि रात्रभर जागलेले स्वयंसेवक, या सर्वांचे ऋण मी जाहीरपणे मान्य करतो. नावे घेऊ नयेत, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.

अळीची पेशी यजमानपण नाइलाजाने करते आणि ते पुरते पार पाडते. आम्ही हौसेने करतो, तरी उणे राहते. ते उणे आपण पोटात घालावे, ही विनंती.