असीरगड ते बिठूर
(मेहरूण येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



मागे एका शाळेच्या तपासणीच्या वेळी मी मुलांना विचारले, "तात्या टोपे मूळचे कोठले?" "बिठूरचे," असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. दोष मुलांचा नव्हे; वर्गावर असताना मीही वर्षानुवर्षे तेच शिकविले. वस्तुतः तात्यांचा जन्म शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. मग येवल्याचा मुलगा गंगाकाठी गेला कसा? याचे उत्तर आपल्या खानदेशाच्या वेशीवरच सापडते.

रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर आणि त्याच्या उत्तरेस असीरगड. त्या गडाच्या परिसरात ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. सालीना आठ लाख रुपयांचा तनखा ठरला. मात्र दक्षिणेत पुन्हा पाऊल टाकावयाचे नव्हते. कानपूरजवळ बिठूर येथे त्यांना ठेवण्यात आले. धन्यामागे त्याची माणसेही निघाली : कारकून, भिक्षुक, शिलेदार, आश्रित. येवल्याचे टोपे कुटुंब गेले. मागाहून कोकणातील वेणगावहून नानासाहेबांचे जन्मदाते गेले. बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी असलेले मोरोपंत तांबे काशीस राहिले, व तेथेच मनकर्णिका, म्हणजे पुढची झाशीची राणी, जन्मली.

जगाच्या इतिहासात असे अन्यत्रही घडले आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेले हजारो लोक कॅनडाकडे गेले. सरकारने त्यांना जमिनी दिल्या, १७८४ साली न्यू ब्रन्सविक हा निराळा प्रांत केला, आणि तेच लोक तेथील राज्याचा आधार ठरले. बिठूरची निष्ठा मात्र हरलेल्या धन्यावर होती, आणि तेथील शेकडो घरांची चूल एका माणसाच्या तनख्यावर पेटत होती.

बाजीराव स्वतः कंपनीशी सलोख्यानेच राहिले. तिच्या अडचणीत त्यांनी तिला पाच लाखांचे कर्जही दिले. १८५१ साली ते निवर्तले आणि डलहौसीने दत्तक पुत्र नानासाहेबांस तनखा नाकारला. अझीमुल्ला खान दाद मागण्यास लंडनपर्यंत गेले, व्यर्थ. सरकारचे आठ लाख वाचले. परंतु परमुलखात वाढलेल्या एका पिढीला गमावण्यासारखे काही उरले नाही. सहा वर्षांनी कानपूर पेटले, तेव्हा ही पिढी पुढे होती.

तनखा बंद झाला म्हणूनच १८५७ घडले, असे मात्र मुलांना सांगू नये. शिपायांचा असंतोष होता, संस्थाने खालसा झाली होती. बिठूरने त्या असंतोषाला पुढारी दिले, एवढेच सांगावे.

माझी विनंती एवढीच, की हा धडा नावे पाठ करवून संपवू नका. फळ्यावर नकाशा काढा. येवला, असीरगड, काशी, बिठूर, झाशी ही गावे रेषेने जोडा. मग वर्गात परगावाहून आलेले, मागल्या बाकावर अबोल बसलेले जे मूल असेल, त्याला जवळ बोलावून मायेने विचारा, "बाळ, तुझे घर कोठून आले? कोणाबरोबर आले?" त्याच्या उत्तराची रेषाही त्याच नकाशावर काढा. इतिहास आपल्याही घरावरून जातो, हे त्या मुलास त्या दिवशी कळेल.